उसाआडचा बांध

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, नीलिमालाही नाही. एरवी तिला मी दाढदुखीपासून सगळं सांगतो. खरं तर एकदा सांगितलं होतं, चारचौघांत, पण गंमत म्हणून आणि अर्धंच. ते सांगणं धरायचं का? मला नाही वाटत.

कुठून सुरुवात करू तेच समजत नाही. चूक नक्की कुठे झाली, हे ठरलं असतं तर सोपं गेलं असतं. ते ठरत नाही, म्हणून इतकी वर्षं तोंड उघडलं नाही — की हासुद्धा एक बहाणाच? असो. नोकरीपासून सुरू करतो.

मी नगररचनेच्या एका कचेरीत होतो, दिल्लीत. कस्तुरबा गांधी मार्गापासून पायी दहा मिनिटांवर. राहायला मयूर विहारमध्ये. मेट्रो तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. यमुनेच्या पुलावर बस अडकली की सगळे खिडकीतून नदीकडे बघत बसायचे. नव्वदीची सुरुवात नुकती उलटली होती. बाजार खुला झाला, परदेशी गाड्या आल्या, आणि गाझियाबादच्या रस्त्यावर जिथे काल शेणी थापलेल्या दिसायच्या, तिथे आज स्विमिंग पूलचं चित्र असलेला बिल्डरचा फलक. सगळ्यांना घाई झाली होती. कसली, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

तर गाझियाबादच्या पलीकडचं एक शहर. नाव सांगत नाही. पुढच्या वीस वर्षांत ते कुठपर्यंत वाढू द्यायचं, ती हद्द ठरवायची होती. रेघेच्या आत शहर — म्हणजे आज ना उद्या सेक्टर पडणार, जमीन सरकार घेणार, रस्ते होणार. रेघेच्या बाहेर शेती. तिथे वीस वर्षं कुणी वीट ठेवायची नाही. एक रेघ, बस्स. तिच्या अलीकडे एक आयुष्य आणि पलीकडे दुसरं, हे आम्हाला माहीत होतं का? माहीत होतं. पण माहीत असणं आणि वाटणं यांत बरंच अंतर असतं.

आमच्या साहेबांचा एक नियम होता, आणि तो चांगला होता. रेघ हवेत काढायची नाही. ती जमिनीवरच्या खऱ्या गोष्टीवरून गेली पाहिजे — नाला, रेल्वे, कालवा, काहीतरी ज्यावर कुणीही बोट ठेवू शकेल. आणि तिथपर्यंत स्वतः चालत जायचं. साहेब म्हणायचे, नकाशा बुटांनी काढायचा असतो. आम्ही त्यांच्यामागे हसायचो. तरी चालायचो.

पूर्वेकडची बाजू माझ्याकडे आली. सोबत लेखपाल, म्हणजे आपल्याकडचा तलाठी. दोन दिवस आम्ही नाल्याच्या काठाने चाललो, प्रामाणिकपणे, अगदी टाचांना फोड येईपर्यंत. तिसऱ्या दिवशी दुपारी नाला संपला. पुढे अर्धा-पाऊण मैल नुसता ऊस. दोन पुरुष उंच, दाट, आणि भाद्रपदातलं ऊन. त्या उसाच्या पलीकडे रेल्वेचा रूळ होता, तिथून रेघ पुन्हा सोपी. मधला तेवढा तुकडा राहिला होता. घरी काम आहे म्हणून लेखपालाने सायकल काढली आणि तो गेला.

आणि मलाही घाई होती. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. संध्याकाळी मराठी मंडळात गणपतीतल्या नाटकाची तालीम होती. मला पोस्टमनचं काम होतं. चार वाक्यं. त्या चार वाक्यांसाठी मी... नाही, हे खरं कारण नव्हे. की होतं? तालीम होती, ऊन होतं, फोड होते. तिन्ही खरं आहे, आणि तिन्ही मिळूनसुद्धा पुरेसं होत नाही.

उसाच्या कडेला एक ट्यूबवेल होती. तिथे हरपाल भेटला. चाळिशीचा, सडपातळ, हसताना डोळे बारीक होणारा. त्या गावात दोन शेतांमधली डौल — म्हणजे मातीचा कडेचा कंगोरा — कुणी सरकवली की निवाड्याला त्याला बोलवत, हे मला लेखपालाने आधीच सांगितलं होतं. हरपालने मला बाजेवर बसवलं. त्याच्या बायकोने मठ्ठा आणि गूळ आणून दिला. मी पाय पाण्याच्या धारेखाली धरले. इतकं बरं वाटलं की काय सांगू. मी त्याला विचारलं, या उसाच्या आत, दोन गावांच्या शिवेवर, बांध असेल ना?

तो म्हणाला, “ना बाबूजी. ईख के पीछे ईख है. और कुछ ना है.”

उसामागे ऊसच, दुसरं काही नाही. हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं आहे.

आमच्याकडे, नगर जिल्ह्यात, दोन गावांची शीव म्हटली की बांध असतोच. दगडाचा, बाभळी उगवलेला, साप असलेला. शीव आहे आणि बांध नाही, हे माझ्या डोक्यात बसेना. मला वाटलं, याला नीट माहीत नसेल. — नाही, हे खोटं. त्याला माहीत नसेल असं मला वाटलं नाही. वाटून घ्यावंसं वाटलं. मी तिथेच बाजेवर बसून फळीवर कागद ठेवला आणि नाल्याच्या टोकापासून रुळापर्यंत बांध काढला. नकाशात बांधाची खूण म्हणजे रेघ आणि तिला फणीच्या दातांसारख्या बारीक रेघोट्या. माझा हात त्यात फार चांगला होता. मध्ये एक हलकं वळणही दिलं, खरं वाटावं म्हणून. हरपाल शेजारी बसून बघत होता. त्याला वाटलं असेल, काहीतरी सरकारी नक्षी आहे. मग मी बूट घातले, आभार मानले, आणि तालमीला वेळेत पोचलो.

साहेब खूश झाले. सबंध रेघेत एकही तुकडा हवेत नाही म्हणाले, सगळ्यांसमोर. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तो विषय डोक्यातून काढून टाकला. खरंच काढला. माणसाला हे इतकं सहज कसं जमतं?

पुढे नकाशा तहसीलीत लागला, हरकती मागवल्या गेल्या, आणि एक दिवस हरपाल दिल्लीला आमच्या कचेरीत आला. धुतलेला कुडता, हातात कागदाची गुंडाळी. मला बघून त्याचा चेहरा उजळला, आपला माणूस भेटला म्हणून. आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. नकाशावर बोट ठेवून तो विचारत होता, त्याची जमीन आत की बाहेर? आणि मला सांगता येईना. ती रेघ कागदावर केसाएवढी, पण जमिनीवर तिची जाडीच त्याच्या अर्ध्या शेताएवढी भरत होती. बांध असता तर बांध बघून सांगता आलं असतं.

बांधाबद्दल त्याने काहीही विचारलं नाही. “बांध कुठे आहे?” असं नाही, “मी तर तुम्हाला सांगितलं होतं,” असंही नाही. खेड्यातला शहाणा माणूस कचेरीतल्या माणसाला त्याच्याच कचेरीत खोटं पाडत नाही. त्याने फक्त विचारलं, नकाशा आणि जमीन यांत फरक निघाला तर काय होतं? मी नियम सांगितला. नियम खराच होता — फरक निघाला तर जमिनीवरची खूण खरी मानायची, कागदावरची नाही. थंडीत साहेब स्वतः पाहणीला येतील, तेव्हा जिथे बांध दिसेल तिथे हद्द.

हे मी दोनदा सांगितलं. सावकाश. का दोनदा? मी त्याला सुचवत होतो का? त्या क्षणी मनात काय होतं हे आठवायचा मी इतक्या वेळा प्रयत्न केला आहे की आता आठवण कुठली आणि मी रचलेलं कुठलं, काहीच कळत नाही. एवढं आठवतं की तो “अच्छा” म्हणाला आणि कागदाची गुंडाळी करून निघाला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

ऊस कापला गेला. शेतं मोकळी झाली. जानेवारीत आम्ही पाहणीला गेलो — साहेब, राज्याकडचे एक अधिकारी, लेखपाल आणि मी. धुकं नुकतं उठलं होतं. जीप ट्यूबवेलजवळ थांबली आणि मी समोर बघितलं. तिथे बांध होता.

छातीइतका उंच. हरपालच्या आणि त्याच्या दोन शेजाऱ्यांच्या शेतांच्या शहराकडच्या कडेने सरळ गेलेला. मध्ये एक हलकं वळण. तेच वळण! तहसीलीतल्या नकाशावरून त्याने ते उचललं होतं. माती बसावी म्हणून वर दूब, म्हणजे हरळी, लावली होती, आणि ती सगळीकडे नीट धरली नव्हती. ऊस निघाल्यापासून दोन महिने तीन घरांतली माणसं डोक्यावरून माती वाहत होती, हे लेखपालाने नंतर सांगितलं. हरपालच्या बायकोच्या दोन्ही हातांना कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या मला तेव्हाच दिसल्या होत्या.

गाव जमलं होतं. राज्याकडच्या अधिकाऱ्यांनी काठीने माती टोकरली, मग माझ्याकडे वळून विचारलं, “साठेजी, यही है आपका बांध?”

आता बघा. “जी, यही है.” एवढंच म्हणायचं होतं. तसं म्हटलं असतं तर माझं खोटं कायमचं झाकलं जात होतं. हरपालची जमीन वाचत होती. साहेबांचा नियम पाळला जात होता. कुणाचंही काही बिघडत नव्हतं. माझ्या खोट्याला एका माणसाने दोन महिने राबून खरं करून दिलं होतं, आणि मला फक्त मान हलवायची होती. भित्र्या माणसालाही हे सहज जमलं असतं, म्हणून मी नुसता भित्रा होतो असंही म्हणता येत नाही.

मी हरपालकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याचे डोळे बारीक झाले होते. हसत होता. टोमणा नव्हता त्यात. उलट, जवळीक होती. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, अशी. मी नजर काढून अधिकाऱ्यांकडे वळलो. राग? भीती? हा माणूस मला ओळखतो, आणि माझ्यासारखाच आहे असं समजतो, याची किळस? मला खरंच सांगता येत नाही. कित्येक शब्द लावून बघितले. एकही नीट बसत नाही.

मी म्हणालो, “नहीं सर. ये नया है. पुराना आगे था. इन्हीं लोगों ने तोड़ दिया होगा.”

माझा आवाज जराही हलला नाही. पोस्टमनची चार वाक्यं म्हणताना हलला होता.

हरपालचा चेहरा लगेच बदलला नाही. त्याला वाटलं असावं, यात काही युक्ती आहे, बाबूजी पुढे काहीतरी बोलतील. त्याने थोडी वाट बघितली. मग तो इतकंच म्हणाला, “बाबूजी, आप तो यहाँ बैठे थे.”

तो आणखी बरंच बोलू शकला असता. मी काय सांगितलं होतं, व्हरांड्यात काय झालं. सगळ्यांसमोर माझी लाज निघाली असती. तो बोलला नाही. का नाही, हे मी कधी विचारायला गेलो नाही. त्याच्या बायकोने आधीच मठ्ठ्याचे पेले भरून ठेवले होते. ते तिने तसेच आणले, सगळ्यांना दिले. मलाही. आणि मी तो प्यालो. पेला रिकामा करून परत दिला.

अधिकारी भडकले होते. सरकारी खूण मोडली, खोटी उभी केली, म्हणाले. आता बांधबिंध काही धरायचं नाही, हद्द सरळ पुढच्या कालव्यापर्यंत न्यायची, तो तरी कुणाला हलवता येणार नाही. परतताना जीपमध्ये साहेबांनी एकदा माझ्या बुटांकडे बघितलं. की मला तसं वाटलं? कालवा तिथून बराच पुढे होता. हरपाल आणि त्याचे दोन शेजारी आत आलेच, पण ज्यांचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता अशी पलीकडची शेतंही आत आली. हरपालला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. गावाला ठाऊक होतं की तिथे कधीच बांध नव्हता, तेव्हा मोडल्याचा आळ त्याच्यावर कुणी ठेवला नाही. पण पलीकडची शेतं गेली ती या बांधामुळेच, ज्याने तो घालायची कल्पना काढली त्याच्यामुळे, असं सगळे म्हणू लागले. त्यानंतर गावात कुणाची डौल सरकली तरी निवाड्याला हरपालला कुणी बोलावलं नाही. हेही लेखपालानेच सांगितलं, सहज, चहा पिताना.

त्या शनिवारी मंडळात आम्ही पाच-सहा जोडपी बसलो होतो. मी ही गोष्ट सांगितली. इकडची माणसं कशी इरसाल, नकाशात बांध दिसला म्हणून रातोरात बांधच उभा केला. वर दूबसुद्धा लावली! नकाशातला बांध कुणी काढला, ते मी सांगितलं नाही. सगळे पोट धरून हसले. नीलिमाही हसली, आणि नंतर बसमध्ये म्हणाली, “पण बिचाऱ्याने किती माती वाहिली असेल रे.” मी म्हणालो, हो ना. आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

तुम्ही म्हणाल, रेघ कुठेही काढली असती तरी आज तिथे इमारतीच असत्या. खरं आहे. वीस वर्षांची हद्द दहा वर्षंही टिकली नाही, कालव्याच्या पुढेही टॉवर गेले. मी स्वतःशी हे अनेकदा बोललो आहे. पण शहर काय करणार होतं हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मला विचारलं होतं, हाच का तुझा बांध.

जमिनी गेल्यावर हरपाल बुलंदशहरच्या बाजूला सासुरवाडीकडे गेला, असं कानावर आलं. चौकशी करायला अर्धा दिवस पुरला असता. मी केली नाही. निवृत्त होईपर्यंत केली नाही, आणि निवृत्त झाल्यावर तर वेळच वेळ होता.

तीन वर्षांपूर्वी मुलीने फ्लॅट घेतला. त्याच शहरात, पूर्वेकडे, सेक्टरमध्ये. पत्ता ऐकल्यावर मी नकाशा काढून बघितला नाही, तशी गरज नव्हती. वास्तुशांतीला गेलो, सत्यनारायणाला नमस्कार केला, शिरा खाल्ला. मग नात मला ओढत खाली बागेत घेऊन गेली. तेव्हा सात वर्षांची होती, निम्मं हिंदी बोलायची. बागेच्या कडेने एक लांब, हिरवा, बसका उंचवटा आहे. वर चालायला लाल फरशी टाकली आहे, दोन्ही बाजूंना दिवे. मध्ये एक हलकं वळण आहे.

ती म्हणाली, “आजोबा, हा आमचा पहाड. इथे आधीपासूनच था.” आणि विचारलं, कोणी बनवला?

मी म्हणालो, माहीत नाही.

आता आम्ही महिन्यातले पंधरा दिवस मुलीकडेच असतो. सकाळी सगळे त्या उंचवट्यावर फिरायला येतात, मीही जातो. त्या दुपारी जो तुकडा मी चाललो नव्हतो, तो आता रोज चालतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. माती पक्की बसली आहे, दूब सगळीकडे धरली आहे. बांध तिथे आहे. मी नाही म्हणालो होतो.